एकट्यानं पाण्यात उतरताना

वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, पोरानं कयाक घेतलीय, डिसेंबरात एकट्यानं नर्मदेवर जायचं म्हणतोय, आता तुम्हीच काय ते सांगा त्याला. भाच्या, जाऊ नकोस असं मी सांगणार नाही. आरोग्यसेविकेची माझी निम्मी नोकरी अक्राणीच्या नर्मदाकाठी होडीत बसून झाली, आणि वेळ पडली तेव्हा वल्हंही मारलंय. तुझी कयाक प्लास्टिकची आणि हलकी, आमची होडी लाकडाची आणि जड. तेवढा फरक धरून ऐक.

आधी पाणी समजून घे. मोबाइलच्या नकाशावर फाटे फुटलेला जो निळा पट्टा तुला दिसतो, ती वाहती नदी राहिलेली नाही. तो सरदार सरोवराचा फुगवटा आहे. धरण गुजरातेत केवडियाला, पण आपल्या जिल्ह्याची उत्तरेची सगळी कड त्यानं भरलीय. अक्कलकुवा आणि अक्राणी मिळून तेहतीस गावं त्यात कमी-जास्त बुडाली. मणिबेली सगळ्यांत आधी, आणि तिथलं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही गेलं. आता गोऱ्याला आहे ते नवं. पातळी भरते १३८.६८ मीटरपर्यंत, तेवढी पहिल्यांदा भरली ती सप्टेंबर २०१९मध्ये. खाली उतरण्याची ठरवून दिलेली हद्द ११०.६४. म्हणजे वरखाली अठ्ठावीस मीटरचा खेळ. दर साली एवढं उतरत नाही, पण डिसेंबरात ज्या खडकाला तू कयाक लावशील तो मे महिन्यात डोक्यावर दोन ताड उंच दिसेल, हे ध्यानात ठेव. कुणाचा मागच्या उन्हाळ्यातला व्हिडिओ बघून जागा ठरवू नकोस.

उदईसारख्या नद्यांच्या तोंडातून पाणी आत शिरलंय, तिथं तुला हवी तशी शांतता मिळेल. दोन्ही बाजूंनी डोंगर, वारा नाही, पाणी हिरवंगार. बिलगावला उदईच्या धबधब्यावर लोकांनी श्रमदानानं छोटा वीजप्रकल्प उभा केला होता, २००३ साली. तोही पुढं फुगवट्यानं गिळला. तर या शांत फाट्यांमध्येच खुंट जास्त असतात. उभी वाळलेली झाडं लांबून दिसतात, त्यांची भीती नाही. शेंडा पाण्याखाली वीतभर राहिलेला साग मात्र कयाकचं बूड खरवडतो किंवा तिला मधेच अडकवून तिरपी करतो. ओळखायची खूण सांगते. भर पाण्यात पाणकावळा पंख पसरून बसलाय आणि त्याच्या पायाखाली काहीच दिसत नाही, तर तिथं खुंट आहे. दुसरी खूण म्हणजे सपाट पाण्यावर एकाच जागी पुन्हा पुन्हा उठणारी बारीक सुरकुती. अडकलास तर जोर लावून पुढं ढकलू नकोस. अंग न हलवता, ज्या वाटेनं आत आलास त्याच वाटेनं उलटं वल्हं मारून मागं सर.

खुंट दिसायचे तर ऊन पाठीवर हवं. इथं नर्मदा पूर्व-पश्चिम आहे. सकाळी पूर्वेला निघालास तर सूर्य थेट डोळ्यांत, आणि पाणी नुसतं चकाकतं. सकाळी पश्चिमेला जावं, दुपारनंतर पूर्वेला परतावं, म्हणजे दोन्ही वेळा ऊन पाठीशी राहतं. पण वाऱ्याचं गणित याच्या आड आलं तर वाऱ्याचं ऐकायचं. जाताना वारा तोंडावर घ्यायचा, येताना पाठीवर. अंगात दम असतो तेव्हा कष्ट, दम संपतो तेव्हा मदत. फेब्रुवारी-मार्चनंतर दुपारचा वारा बहुधा पश्चिमेकडून चढतो, तेव्हा ऊन आणि वारा दोघंही एकच सांगतात. थंडीत वाऱ्याचा नेम नसतो, म्हणून उतरण्याआधी पाच मिनिटं काठावर उभं राहून बघायचं.

हा वारा खिंडीतून येतो, त्यामुळं पसरत नाही, जोर धरतो. आणि लाट किती मोठी होणार हे नुसत्या वाऱ्यावर नसतं. वाऱ्याला मोकळं पाणी किती लांबवर मिळालं त्यावर असतं. फाट्याच्या आत तुला झुळूकही लागत नाही आणि तोंडाशी आलास की एकदम हातभर लाटा. म्हणून फाट्यातून मुख्य पात्रात निघताना तोंडाशी थांब. बाहेर पाण्याचा रंग गडद, खरबरीत दिसत असेल तर उतावळेपणा नको. भाकरी खा, वाट बघ. पांढरे फेस दिसले तर त्या दिवशी बाहेर पडायचंच नाही, तिथंच काठाला लागून कुणाच्या तरी पाड्यावर चढायचं. आडव्या वाऱ्यात कयाकचं नाक आपोआप वाऱ्याकडं वळतं. एका हाताचे फटके वाढवून तिच्याशी भांडत बसलास तर खांदा जातो. सामान थोडं मागं सरकव, शेपूट पाण्यात बसली की तिचा हट्ट कमी होतो.

वल्ह्याबद्दल थोडं. नवशिका मूठ आवळतो आणि तासाभरात तळहाताला फोड आणतो. दांडी बोटांत सैल असावी, इतकी की पात ओढून झाल्यावर बोटं उघडली तरी चालतील. ओढ दंडानं नाही, कमरेपासून. पात पायाच्या बोटांजवळ पाण्यात घाल, उजवीकडं ओढताना उजवा पाय दाब, कंबर फिरू दे, आणि पात नितंबाजवळ आली की काढून घे. त्याच्या मागं ओढलेलं पाणी नुसतं वर उचललं जातं, पुढं काही नेत नाही. आवाज करू नकोस. ज्याचं वल्हं छपाक-छपाक वाजतं तो लवकर दमतो, हे मी तिथल्या बायांना बघून शिकले. त्यांचं वल्हं पाण्यात जाताना ऐकू येत नाही.

हे जर तुला अवघड वाटत असेल तर २०२० साल आठव. चिमलखेडीची अंगणवाडी सेविका रेलू वसावे, तेव्हा सत्तावीस वर्षांची. लॉकडाउनमध्ये लोक भीतीनं अंगणवाडीत येईनात, तेव्हा तिनं मच्छीमाराची छोटी होडी मागून घेतली आणि अलिगाट, दादर अशा पाड्यांवर स्वतः वल्हवत जायला लागली. अठरा किलोमीटर. सोबत पोषण आहार आणि बाळांचं वजन करायचा काटा. वर्तमानपत्रांतून नाव झालं, कौतुक झालं, बरंच झालं. मला त्यातली एक गोष्ट तुझ्या कामाची वाटते. ती एकटी वल्हवायची, पण काठावरच्या कुठल्या पाड्याला ती आज कुठं निघालीय हे ठाऊक नव्हतं असं नाही. तू एकटा जाणार, ठीक आहे. पण काठाला न सांगता जाणारा तो एकटा नाही, तो बेपत्ता.

म्हणून पहिलं काम वल्ह्याचं नाही, बोलण्याचं. जिथून उतरणार त्या गावच्या सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला भेट. धरणाचं पाणी आहे, सीमेचा भाग आहे, समोरचा काठ कुठं गुजरातचा तर कुठं मध्य प्रदेशचा. तहसिलात विचारून घ्यायला लाज नको. मग मच्छीमारांकडं जा. दादा, काका, मामा म्हण, बस, बिडी ओढत नसलास तरी बस. कुठवर जाणार, कधी परतणार, परतलो नाही तर कुणाला कळवायचं, हे तीन-चार माणसांना सांग. मोबाइलवर भिस्त ठेवू नकोस. डोंगराआड गेलास की रेंज जाते, आणि मिळाली तर पलीकडच्या राज्यातल्या टॉवरची. शिट्टी गळ्यात बांध. भडक रंगाची टोपी घाल. बार्जवरच्या माणसाला पाण्याच्या पातळीत बसलेला तू नारळाएवढा दिसतोस.

बार्ज किंवा तरंगता दवाखाना जवळून गेला तर मागं लाट येते. तिला बगल देऊ नकोस, नाक तिच्याकडं कर, वल्हं पाण्यावर आडवं टेकव आणि ढुंगण सैल ठेव. वर ताठ, खाली सैल. घाबरून कंबर आखडली की होडी उलटते.

उलटलास तर? ते आधी शिकून ये. तोरणमाळच्या यशवंत तलावावर दोन सकाळी घालव, कुणाला तरी काठावर उभं करून. मुद्दाम उलट, कयाक सोडू नकोस, सुलटी कर, पोटावर पालथा पडून पाय मागं मारत वर चढ, मग वळून बैस. थंडीत तोरणमाळचं पाणी झोंबतं, तरी शीक. हे दहा वेळा जमल्याशिवाय नर्मदेचं नाव काढायचं नाही. आणि लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही.

तू काठाला लागलास की पोरं जमतील. ‘बसू दे, बसू दे’ म्हणून मागं लागतील, आणि तुझा जीव विरघळेल. एकाची होडी एकाचीच. १५ जानेवारी २०१९ला, संक्रांतीच्या दिवशी, भुषाजवळ माणसांनी गच्च भरलेली बोट उलटली. सहा जणांचे तरी जीव गेले, त्यांत लेकरं होती. त्या काठावर हे कुणी विसरलेलं नाही. पोरांना लाइफ जॅकेट घालून दाखव, वल्हं हातात दे, गोळ्या दे, पण बसवू नकोस.

चिखल हा वेगळाच प्रकार आहे. पाणी उतरलं की फाट्याच्या टोकाला जो गाळ राहतो तो वरून सुकलेला, भेगाळलेला दिसतो. पाय ठेवलास की गुडघ्यापर्यंत आत. उतरायला नेहमी खडकाचं नाक शोध, जिथं डोंगराची सोंड पाण्यात आलीय. रुतलासच तर उभं राहून पाय उपटायचा प्रयत्न करू नकोस, कयाकवर आडवा पड आणि एक-एक पाय सोडव. त्यात मगरीचंही बघ. नर्मदामाईचं वाहन आहे ते, आणि कथेपुरतं नाही. थंडीत ऊन खायला काठावर येते. पहाटे आणि संध्याकाळी उथळ, चिखलट काठाला लागू नकोस, हात पाण्यात सोडून बसू नकोस, मासे साफ करायचे तर पाण्यापासून लांब. तिला लांबून बघितलंस तर वळसा घाल.

पहिल्या हिवाळ्यापुरता एक नियम परिक्रमावासीयांकडून उसना घे: ते परिक्रमेत नर्मदा ओलांडत नाहीत. त्यांची कारणं श्रद्धेची. तू नुसती सोय म्हणून पाळ. आपल्याच काठाकाठानं, पोहून गाठता येईल एवढ्या अंतरात राहा. वरून अरुंद दिसणारं पात्र मधोमध गेल्यावर रुंद होत जातं, आणि वारा नेमका तिथंच गाठतो. पुढच्या वर्षी हात बसला की बघू.

पावसाळ्यात काय करू, असं विचारशील. घरी बस. मध्य प्रदेशातल्या ओंकारेश्वरातून पाणी सुटलं की फुगवट्याचा अंदाज कुणालाच राहत नाही, आणि वाहून आलेले ओंडके तुझ्यापेक्षा जड असतात. तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशाचे बॅरेज आहेत, अडवलेलं पाणी सपाट दिसतं म्हणून मोह होईल. दरवाजांच्या जवळपासही फिरकायचं नाही, वरच्या बाजूला तर नाहीच. हतनूरचा विसर्ग वाढला की दरवाजे उघडतात, आणि ओढ आधी पाण्याखाली लागते, वर फार उशिरा दिसते.

खायला ज्वारीची भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे. बिस्किटांनी तहान वाढते. पाणी घरून ने, फुगवट्यातलं पिऊ नकोस, उकळल्याशिवाय तर नाहीच. हे सेविका म्हणून सांगते.

जाळ्यांचं विसरलेच होते. प्लास्टिकच्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे. दोन बाटल्यांच्या मधून सुळकन जाऊ असं वाटतं. जाऊ नकोस, टोकापर्यंत जाऊन वळसा घाल, मग तो अर्ध्या तासाचा का असेना. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांतल्या कित्येकांचं पोट आता त्या जाळ्यावर आहे. चुकून वल्हं अडकलं, दोरी तुटली, तर तिथून पसार होऊ नकोस. जाळं कुणाचं ते पाड्यावर विचार, माणूस गाठ, तो सांगेल तेवढे पैसे दे आणि घासाघीस करू नकोस. उद्या वाऱ्यात अडकलास तर तुला ओढून काढायला त्याचीच होडी येणार आहे.