वेंधळेपणाचे इंग्रजी शब्द आणि त्यांची पारख

राज्यातील प्राथमिक शाळांमध्ये सन २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी विषय शिकविला जाऊ लागला. वस्तूंची नावे आणि रोजची क्रियापदे मुले लवकर आत्मसात करतात. खरी अडचण येते ती माणसाच्या वागण्याचे वर्णन करणाऱ्या विशेषणांची. ‘ऑक्वर्ड’, ‘क्लम्झी’, ‘गोश’, ‘इनेप्ट’ हे शब्द सामान्यतः एकमेकांचे पर्याय म्हणून पाठ केले जातात आणि मराठीत त्या सर्वांना ‘वेंधळा’ किंवा ‘विचित्र’ असे म्हणून काम भागविले जाते. परंतु हे शब्द पुढे प्रगतिपुस्तकात आणि कर्मचाऱ्यांच्या गोपनीय अहवालातही उतरत असल्यामुळे त्यांच्या छटा पारखून घेणे अगत्याचे ठरते.

‘क्लम्झी’ हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत रूढ झाला. त्याच्या मुळाशी असलेल्या, आता लुप्त झालेल्या क्रियापदाचा अर्थ ‘थंडीने बधिर होणे’ असा होता. गारठलेल्या बोटांनी गाठ सोडवू पाहणाऱ्याची जी अवस्था होते, ती म्हणजे ‘क्लम्झी’. मराठीतही बराच वेळ एका जागी बसून पाय ‘अवघडतो’, आणि परक्या घरी बसलेला पाहुणाही ‘अवघडतो’. शरीराच्या अनुभवातूनच मनाच्या अवस्थेला नाव मिळावे, हा योग दोन्ही भाषांत जुळून आला आहे. मूळ अर्थ ध्यानात घेतला म्हणजे या शब्दात दोष माणसाच्या बुद्धीचा नसून हातापायांच्या हालचालीचा आहे, हे लक्षात येते. पेला सांडणारा ‘क्लम्झी’ असतो. ओबडधोबड दुरुस्ती ‘क्लम्झी’ असते. कशीबशी मागितलेली माफीदेखील ‘क्लम्झी’ असू शकते.

‘ऑक्वर्ड’चे क्षेत्र याहून पुष्कळ विस्तृत आहे. (डब्ल्यू, के आणि पुन्हा डब्ल्यू अशी अक्षरे एकापुढे एक आल्याने हा शब्द दिसायलाही अवघडलेलाच दिसतो, आणि शुद्धलेखनात मुलांना हमखास अडवितो.) चौदाव्या शतकापासून आढळणाऱ्या या शब्दातील ‘ऑक’ म्हणजे उलट्या बाजूस वळलेले, शेवटचे ‘वर्ड’ हे ‘बॅकवर्ड’, ‘फॉरवर्ड’ यांतीलच. नीट न बसणारे, चुकीच्या दिशेचे ते ‘ऑक्वर्ड’. म्हणूनच हे विशेषण माणसापेक्षा प्रसंगाला अधिक शोभते. सोयीची नसलेली वेळ, उचलायला अडचणीचे खोके, संभाषणात अचानक पसरलेली शांतता, ही सारी ‘ऑक्वर्ड’. ग्रामसभेत एखादा ग्रामस्थ नेमक्या वर्मावर बोट ठेवणारा प्रश्न विचारतो तेव्हा तो प्रश्न ‘ऑक्वर्ड’ असतो. विचारणारा मात्र मुळीच वेंधळा नसतो, उलट चांगला चतुर असतो. ‘ऑक्वर्ड कस्टमर’ म्हणजे वेंधळे गिऱ्हाईक नव्हे, तर वळवून घेण्यास कठीण असा माणूस. ‘ऑक्वर्ड स्क्वॉड’ ही लष्करी परिभाषा. कवायत अंगवळणी न पडल्यामुळे मुख्य रांगेत उभे न करता वेगळी तालीम दिली जाणाऱ्या नवख्यांची ती तुकडी. या सर्व ठिकाणी ‘विचित्र’ हे भाषांतर सपशेल चुकते. ‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण सांगितली, तर वर्गाला ‘ऑक्वर्ड’चा अर्थ क्षणात उमगेल. तेथे दोष सासूचाही नाही आणि जावयाचाही नाही.

या शब्दसंग्रहात डाव्या हातावर मात्र मोठा अन्याय झाला आहे. सभ्य समाजात कसे वागावे हे न कळणाऱ्याला इंग्रजीत ‘गोश’ म्हणतात. तो मूळ फ्रेंच शब्द असून त्याचा सरळ अर्थ ‘डावा’ असा आहे. उलटपक्षी कुशल या अर्थाचा ‘डेक्स्टरस’ हा शब्द उजवा हात दर्शविणाऱ्या लॅटिन शब्दापासून आला. दोन्ही हातांनी सारखेच काम करणाऱ्याला ‘अँबिडेक्स्ट्रस’ म्हणतात, म्हणजे जणू त्याचे दोन्ही हात उजवेच! मराठी तरी कोठे निर्दोष आहे? सरस ते ‘उजवे’, आणि बाजूला सारणे म्हणजे ‘डावलणे’. डावखुऱ्या मुलाच्या हातातील पेन्सिल काढून ती उजव्या हातात देण्याची सवय या शब्दांच्याच पंक्तीला बसते.

बोलीतील प्रयोग अधिक गमतीचे आहेत. हातातील वस्तू पाडणाऱ्याला ‘बटरफिंगर्स’ म्हणतात, म्हणजे लोणी लागलेल्या बोटांचा. क्रिकेटमध्ये सोपा झेल सुटला की हा शब्द आजही ऐकू येतो. परंतु तो मूळचा मैदानावरचा नाही. गर्व्हेस मार्कहॅम याच्या १६१५ मधील गृहिणींसाठीच्या पुस्तकात पाकसिद्धी करणारी स्त्री अशा बोटांची नसावी, असे सांगितले आहे. ‘ऑल थंब्ज’ म्हणजे ज्याची सगळी बोटे अंगठेच आहेत असा. ‘टू लेफ्ट फीट’ म्हणजे नाचताना ज्याचे दोन्ही पाय डावेच पडतात असा. ‘स्टंबल’, ‘फंबल’, ‘टंबल’, ‘बंबल’ या क्रियापदांच्या नादातच ठेच आहे. मराठीची ‘धडपड’ मात्र या सर्वांहून उदार म्हणावी लागेल. ठेचकाळणे आणि नेटाने प्रयत्न करणे, हे दोन्ही अर्थ तिने एकत्र नांदविले.

‘इनेप्ट’ या शब्दाविषयी कार्यालयांनी विशेष सावध असावे. ‘योग्य नसलेला’ हा त्याचा लॅटिन व्युत्पत्तीप्रमाणे होणारा अर्थ आहे. संगणकावर नव्याने काम करू लागलेल्या लिपिकाचा हात अडखळत असेल, तर त्याचे काम ‘क्लम्झी’ म्हणता येईल व ते सरावाने सुधारेल. त्यालाच ‘इनेप्ट’ म्हटले की त्याच्या पात्रतेवरच शेरा पडतो.

शाळेत तर ‘क्लम्झी’ हा शब्दही जपून वापरावयास हवा. सॅसून गुबे यांचे ‘द क्लम्झी चाइल्ड’ हे पुस्तक १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. बुद्धी शाबूत असूनही ज्यांना गुंडी लावणे, बुटाची नाडी बांधणे, चेंडू झेलणे, सुवाच्य लिहिणे जमत नाही, अशा मुलांच्या अवस्थेला त्या काळी वैद्यकातही ‘क्लम्झी’ हेच विशेषण लावीत. पुढे ते गैर मानले गेले. १९८७ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेत तिला हालचालींच्या समन्वयातील विकासात्मक दोष असे नाव मिळाले. शाळेच्या वयाच्या शंभर मुलांमागे साधारणपणे पाच ते सहा मुलांत ही अडचण आढळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेची व्याख्या करताना ‘डिस्प्रॅक्सिया’चा स्पष्ट उल्लेख आहे, याच अडचणीसाठी तो शब्द पुष्कळदा वापरतात.

अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘क्लम्झी’ असा एका शब्दाचा शेरा लिहिण्याऐवजी शिक्षकांनी प्रत्यक्ष दिसले तेवढेच लिहावे : गुंड्या लावण्यास वेळ लागतो, ओळीवर अक्षर राहत नाही, तोंडी उत्तरे मात्र बिनचूक देतो. पालक हा कागद घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्याकडे गेले, तर त्यातील प्रत्येक वाक्य तपासणीच्या कामी येते.