शिडाच्या लहान होडीसाठी इंजिनाची निवड

खाडीत व किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या लहान होडीस वारा हे फुकटचे बळ होय. परंतु वारा पडला आणि ओहोटी लागली, म्हणजे खाडीच्या मुखाशी वल्ह्यांच्या जोरावर होडी आत घेणे कठीण होते. मासळी वेळेवर बंदरात न पोचल्यास तिचा भाव उतरतो. प्रसंगी माणसांच्या जिवासही धोका पोचतो. याकरिता होडीच्या मागे बाहेरून बसवावयाचे लहान इंजिन उपयोगी पडते. मात्र ते कर्ज काढून घ्यावयाचे असल्याने निवड विचारपूर्वक केली पाहिजे.

शक्ती किती असावी? पाण्यात बसणाऱ्या होडीस वेगाची मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत मोजून तिचे वर्गमूळ काढावे व त्यास 1.34 ने गुणावे, म्हणजे ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. 16 फूट लांबीस ती सुमारे 5.4 नॉट, म्हणजे ताशी 10 किलोमीटर येते. याहून मोठे इंजिन लावल्यास होडीचा मागचा भाग दबतो व तेल जळते. वेग फारसा वाढत नाही.

शक्तीचा अंदाज वजनावरून करावा. होडी, माणसे, जाळी व मासळी मिळून दर 1 टन वजनास सुमारे 4 अश्वशक्ती हे ढोबळ प्रमाण आहे. होडी 600 किलो, माणसे 200 किलो आणि जाळी व मासळी 200 किलो असल्यास एकूण भार 1 टन होतो. उलट वारा व प्रवाह ध्यानात घेता अशा होडीस 5 ते 6 अश्वशक्ती पुरेशी होते. पंखा जोर देणारा, म्हणजे कमी पिचाचा निवडावा.

दांड्याची लांबी. इंजिने बहुधा 15, 20 व 25 इंची दांड्याची मिळतात. इंजिन अडकविण्याच्या जागेपासून होडीच्या तळापर्यंतचे अंतर प्रथम मोजावे. दांडा आखूड पडल्यास लाटेवर पंखा पाण्याबाहेर येऊन नुसताच फिरतो, आणि नेमक्या अडचणीच्या वेळी इंजिनाचा जोर नाहीसा होतो. मागचे टोक निमुळते असल्यास बाजूस भक्कम आधार बसवावा. तो सुकाणूच्या आड येऊ नये. शीड उभारल्यावर इंजिन वर उचलता आले पाहिजे.

दोन की चार स्ट्रोक? दोन स्ट्रोकचे इंजिन हलके व दुरुस्तीस सोपे असते, पण त्यास पेट्रोलमध्ये वंगण मिसळावे लागते व इंधन अधिक लागते. चार स्ट्रोकचे जड व महाग, परंतु इंधनात काटकसरी असते. नित्य वापर असल्यास दुसरे परवडते. दुरुस्ती करणारा व सुटे भाग जवळच्या बंदरात मिळतात की नाही, हे किंमत ठरविण्यापूर्वी पाहावे.

निगा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर इंजिनातून गोडे पाणी फिरवावे. जस्ताचा तुकडा झिजल्यास बदलावा. इंजिन दोरीने होडीस बांधून ठेवावे. इंधनाचे तीन भाग समजावेत : एक जाण्यास, एक येण्यास व एक राखीव.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरेदीपूर्वी होडीची मापे स्वतः घ्यावीत, आणि नोंदणी, परवाना व पावसाळी बंदीचे नियम मत्स्यव्यवसाय कार्यालयातून समजून घेऊन मच्छीमारांस सांगावेत. इंजिन आले तरी शीड व वल्ही होडीतून काढू नयेत. इंजिन बंद पडेल तेव्हा तीच घरी आणतील.