१-०-१ आणि तिसरी शिफ्ट

मधुमेहावरचे बहुतेक सल्ले दहा ते सहा नोकरी करणाऱ्या माणसासाठी असतात. रात्री आठच्या आत जेवा, पहाटे उठून फिरायला जा, झोपेची वेळ चुकवू नका. भोसरीपासून चाकण-महाळुंग्यापर्यंत आम्ही शिफ्टवाले हे ऐकतो आणि मान डोलावतो. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, मग थर्ड. आमची पहाट दर सोमवारी वेगळ्या वेळेला होते. सेकंड शिफ्टला तर आठच्या आत जेवणं होतंसुद्धा, कॅन्टीनमध्ये. पण तळेगाव चौकातल्या ट्रकांमधून वाट काढत बस घरी पोहोचवते तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते, ओट्यावर ताट झाकून ठेवलेलं असतं, आणि माणूस पुन्हा जेवतो. दोन पोळ्या, भाजी, भात, सगळं. मग लगेच आडवा. शुगर वाढवायला आणखी काय लागतं?

माझी शुगर कंपनीच्या वार्षिक तपासणीत निघाली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ८.९. साडेसहा आणि त्यापुढे मधुमेह धरतात, म्हणजे वादाला जागाच नव्हती. तरी मी वाद घातला, कारण मी जाड नव्हतो. हातपाय काटक, वजन बेताचं, फक्त शर्टाच्या खालच्या दोन बटणांवर जरा ताण.

या अंगकाठीचा अभ्यास आपल्या पुण्यातच झालाय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपलाच शेजारी शेजारी काढलेला फोटो छापला होता. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखं, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण भारतीय बाहेरून बारीक आणि आतून चरबीवाले, असा हा प्रकार. तेव्हा वजनकाट्यावर खूश होऊन उतरू नका. शिंप्याची टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बाईची ८०च्या वर असेल तर रक्त तपासून घ्या, वय तिशीचं असलं तरी.

तपासणी कुठल्या शिफ्टच्या शेवटी होते तेही बघा. थर्ड उरकून सकाळी रांगेत उभं राहायचं, पहाटे चारचा कॅन्टीनचा चहा-बिस्किट विसरायचं आणि ‘उपाशीपोटी’ म्हणून रक्त द्यायचं, हे सर्रास चालतं. त्या आकड्याला अर्थ नसतो. एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही, म्हणून आम्हा लोकांना तीच सोयीची. फक्त अंगात रक्त कमी असेल तर तीही फसवू शकते, ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता मुख्य गोष्ट. मला दोन गोळ्या मिळाल्या: मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. कागदावर नेहमीप्रमाणे १-०-१. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. फर्स्टला ठीक चाललं, सेकंडलाही निभावलं. थर्डच्या आठवड्यात साडेसातला घरी आलो, बायको कामावर निघालेली, सकाळ आहे म्हणून सकाळची गोळी चहाबरोबर घेतली आणि पडदा ओढून झोपलो. जाग आली ती अंगाला कापरं भरून. उशी भिजलेली, छाती धडधडतेय, आणि बायकोला फोन करावा तर बोटं पॅटर्नवरून घसरतायत. स्वतःच्या फोनचा पॅटर्न आठवत नाही ही भीती काय असते ते सांगता येणार नाही. मुलगी कॉलेजातून लवकर आली होती म्हणून साखरेचं पाणी मिळालं.

मेटफॉर्मिन एकटी असली तर शुगर सहसा इतकी पाडत नाही. ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या मात्र स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढतात, तुम्ही जेवा अथवा न जेवा. गोळी घेऊन उपाशी झोपलं की शुगर खाली जायचीच. त्या कागदावरची ‘सकाळ’ म्हणजे सूर्य नव्हे, जेवण. डॉक्टरांनी शिफ्ट विचारली नाही, मीही सांगितली नाही. नंतर तिन्ही शिफ्टची जेवणाची आणि झोपेची वेळ वहीच्या पानावर लिहून नेली, तेव्हा त्यांनी पाच मिनिटांत गोळ्या बदलून दिल्या आणि प्रत्येक शिफ्टची वेळ वेगळी लिहून दिली. हे पान प्रत्येक शिफ्टवाल्याने न्यावं. गोळ्यांची वेळ आपल्या मनाने मात्र सरकवू नये; हे काम डॉक्टरांचंच.

शुगर ७०च्या खाली गेली, किंवा मशिन नाही पण घाम, कापरं, डोकं चालेनासं झालं, की तीन लहान चमचे साखर पाण्यात ढवळून पिऊन टाका. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, चढली नसेल तर पुन्हा तेवढीच, आणि मग काहीतरी खा. पेढा किंवा चॉकलेट त्या वेळी उपयोगाचं नाही, त्यातल्या तुपा-दुधामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ दवाखाना. आणि लाइनवर शेजारी उभ्या असणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर लोक म्हणतात, गडी रात्री पिऊन आलाय.

खाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे शत्रू नंबर एक चहा. आत कॅन्टीनचा, बाहेर टपरीचा, ओव्हरटाइम असला की आणखी दोन. दोन चमचे साखरेचे पाच कप झाले तर चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसती चहातून गेली. यावर हल्लीचा तोडगा म्हणजे गुळाचा चहा. पाट्या बघा, चौकाचौकांत आहेत. गूळसुद्धा शुगर चढवतोच, त्याला ‘सेंद्रिय’ म्हटल्याने रक्ताला काही फरक पडत नाही. ज्वारीच्या भाकरीचंही तसंच. भाकरी चांगली, पण औषध समजून चार खाल्ल्या तर चार भाकरींचाच हिशोब लागतो. देहू-आळंदीच्या शेजारात राहून एकादशीबद्दल बोलणं अवघड आहे, तरी सांगतो: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळच्या जेवणाची पद्धत आमच्या बसमधले निम्मे लोक करून बघतात, काहींचं पोट खरंच उतरलं. पण शुगर पाडणारी गोळी चालू असलेल्याने परस्पर ती सुरू केली तर माझ्यासारखीच उशी भिजायची.

थाळीत मी एकच बदल टिकवू शकलो, तो म्हणजे क्रम. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी-भाकरी, भात शेवटी आणि एकच मूद. भूक तोवर बरीच मिटलेली असते. सेकंड शिफ्टला घरी आल्यावर ताट नाही, भूक असेल तर ताक आणि मूठभर फुटाणे. यासाठी घरच्यांशी थोडं भांडावं लागलं, कारण झाकलेलं ताट ही त्यांची माया असते.

कॅन्टीन बदलता येतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्यात अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी कॅन्टीनची तरतूद होती, आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधी असावेत हेही त्यातच होतं. तुमच्याकडे असा प्रतिनिधी असेल तर त्याला पकडा. बिनसाखरेच्या चहाचा वेगळा थर्मास आणि रोज एक उसळ, एवढं मागितलं तर ठेकेदाराचं दिवाळं निघत नाही. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टीही असते. जेवायला पंधरा मिनिटं पुरतात. उरलेल्यात मोबाइल न काढता पार्किंगला दोन चकरा मारा. आठ तास मशिनपुढे उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. जेवणानंतर पायाचे स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, आणि हे रात्री दोन वाजताही चालतं.

पायांचं आणखी एक: सेफ्टी शूज. आमच्यातल्या एका दादांच्या बुटात लोखंडाची बारीक चिप गेली आणि पूर्ण शिफ्ट त्यावर उभे राहूनही त्यांना कळलं नाही, कारण शुगरने तळव्याची जाणीव गेली होती. घरी मोजा लाल दिसला तेव्हा कळलं. पुढे करंगळी गेली. बूट घालण्याआधी उलटा करून आपटा, आत हात घालून चाचपा. मोजे पांढरे घ्या, डाग दिसतो. घरी आल्यावर तळवे आरशात बघा.

कंत्राटी पोरं शुगर लपवतात, पुढचं कंत्राट जाईल म्हणून. त्यांच्या पगारातून ईएसआयचे ०.७५ टक्के कापले जातात. ते पैसे उपचारासाठीच आहेत. चिंचवडला मोहननगरात ईएसआयचं रुग्णालय आहे, ज्यांचं कार्ड नाही त्यांना पिंपरीत वायसीएम रुग्णालय आहे. आणि जे अजून मधुमेहाच्या ‘बॉर्डरवर’ आहेत त्यांनी तर आधी जावं: चेन्नईत बॉर्डरवरच्या ५३१ जणांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार आणि चालण्याने मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला, जवळपास गोळीइतकाच.

वर्षातून एकदा लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन आणि डोळ्याचा पडदा तपासून घ्या. पडद्यासाठी डोळ्यात थेंब घालतात, त्यानंतर काही तास अंधुक दिसतं. त्या दिवशी बाइक नेऊ नका, आणि थर्ड शिफ्टच्या आठवड्यातला दिवस तर मुळीच धरू नका.