मुलांचे वृत्तपत्र आणि शिक्षकाचा हात

पुण्याहून पौडमार्गे कोकणात उतरणारा रस्ता मुळशीच्या जलाशयाच्या काठाकाठाने ताम्हिणीस पोहोचतो आणि तेथून घाटाची वळणे सुरू होतात. सह्याद्रीच्या माथ्यावरील हे गाव वृत्तपत्रे वाचणाऱ्यांस अपरिचित नाही. पावसाळा आला की त्याचे नाव छापून येते. २५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत येथे ५५६ मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद झाली, तेव्हा तर ते राज्यभर गाजले. एरवी घाटातील दरड, धबधब्यांवरील गर्दी आणि मोटारींचे अपघात एवढ्यापुरताच ताम्हिणीचा वृत्तपत्रांशी संबंध येतो. त्या पावसात मुले शाळेत कशी पोहोचली, आवणी किती दिवस खोळंबली, विंझाई देवीच्या राईत एखादे जुने झाड उन्मळले काय, या बातम्या कोठेच येत नाहीत. त्या येणार तरी कशा? त्या देऊ शकणारे बातमीदार प्राथमिक शाळेच्या वर्गात बसलेले आहेत, आणि त्यांना कोणी विचारलेले नाही.

शाळेतील मुलांनी स्वतःचे वृत्तपत्र चालवावे ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. हस्तलिखितांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. तथापि वार्षिक हस्तलिखित आणि वृत्तपत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रारंभीच ध्यानात घ्यावयास हवे. काही वर्षांपूर्वी एका शाळेत प्रस्तुत लेखकास एक देखणे हस्तलिखित दाखविण्यात आले. सुवाच्य अक्षर, रंगीत वेलबुट्टी, प्रारंभी मान्यवरांचे शुभसंदेश. आत ‘माझा आवडता ऋतू’, ‘वृक्ष आमुचे मित्र’ असे निबंध. ते कपाटातून काढण्यासाठी किल्ली शोधावी लागली. पाहुणे गेल्यावर ते पुन्हा कपाटात गेले असणार. त्यात त्या गावाचे नाव मुखपृष्ठाखेरीज कोठेही आढळले नाही. मुलांनी परिश्रम घेतले होते यात संशय नाही. परंतु ते परिश्रम तपासणीसाठी होते, वाचकासाठी नव्हते. वृत्तपत्रास वाचक लागतो, आणि तो उद्या भेटून ‘हे खोटे आहे’ असे म्हणू शकणारा लागतो.

या संदर्भात साने गुरुजींचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९२४ साली ते अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले आणि पुढे तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. छात्रालयातील मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. दिवसभर शिकवावयाचे, मुलांची सेवा करावयाची आणि मग दैनिक लिहून काढावयाचे, असा त्यांचा क्रम असे. १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिकही त्यांनी काढले. १९३० साली शाळा सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. पुढे १९४८ मध्ये ‘साधना’ साप्ताहिक सुरू करणाऱ्या या संपादकाची उमेदवारी एका वसतिगृहात झाली, असे म्हणावयास हरकत नाही. मुलांना जगाची वार्ता कळावी, ती त्यांच्या भाषेत कळावी आणि रोज कळावी, ही त्यामागील तळमळ आजही शिक्षकाने आदर्श मानावी अशीच आहे. मात्र एक गोष्ट विनयपूर्वक नमूद करावीशी वाटते. ते दैनिक प्रामुख्याने गुरुजींच्या लेखणीचे होते. मुले त्याची भाग्यवान वाचक होती. आज आपणांस पुढचे पाऊल टाकावयाचे आहे, ते लेखणी मुलांच्या हाती देण्याचे.

योगायोग असा की, त्याच १९२४ साली फ्रान्समधील बार-सूर-लू या डोंगराळ खेड्यात सेलेस्तँ फ्रेने नावाचा शिक्षक नेमका हाच प्रयोग करीत होता. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसास जखम झाली होती. वर्गापुढे तासन्‌तास बोलणे त्यास शक्य नव्हते. त्याने एक लहानसे छपाईयंत्र मिळविले आणि मुलांनी पाहिलेल्या, अनुभवलेल्या गोष्टी मुलांकडूनच लिहवून, मुलांच्याच हातांनी खिळे जुळवून छापावयास आरंभ केला. हे अंक ब्रिटनी प्रांतातील त्रेगंक येथील शाळेकडे जात आणि तेथील मजकूर इकडे येई. डोंगरातली मुले समुद्रकाठच्या मुलांस लिहीत, म्हणून आपल्या गावातील नित्याची गोष्टही समजावून सांगणे त्यांस भाग पडे. वॉर्सा शहरात डॉ. यानुश कोर्चाक यांनी ९ ऑक्टोबर १९२६ पासून एका दैनिकाची साप्ताहिक पुरवणीच मुलांच्या पत्रांवर आणि बातम्यांवर चालविली. ती १ सप्टेंबर १९३९ पर्यंत, म्हणजे पोलंडवर आक्रमण झाले त्या दिवसापर्यंत निघत होती. आपल्या देशातही दिल्लीत २००३ पासून रस्त्यावर राहणाऱ्या व काम करणाऱ्या मुलांनी ‘बालकनामा’ हे हिंदी वृत्तपत्र काढले. छपाईयंत्र, मोठे दैनिक अथवा राजधानीचे शहर ताम्हिणीपाशी नाही. परंतु या प्रयोगांचा प्राण यंत्रात नव्हता. मुलाने पाहिलेली गोष्ट मोठ्यांनी न बदलता वाचकापर्यंत जाऊ दिली, यात तो होता.

मग शिक्षकाने करावयाचे काय? माझ्या मते त्याच्याकडे मुख्यतः एकच काम आहे. प्रत्येक बातमीपाशी थांबून ‘हे तुला कसे कळले?’ असे विचारणे. समजा, एका मुलीने लिहिले, ‘आमच्या वाडीचा हातपंप बरेच दिवस बंद आहे.’ शिक्षकाने वाक्य सुधारू नये, प्रश्न विचारावा. बरेच दिवस म्हणजे किती? तू स्वतः पाहिलास की कोणी सांगितले? पाणी आता कोठून आणता? तेथवर किती पावले पडतात? पंप नादुरुस्त असल्याचे ग्रामपंचायतीस कोणी कळविले काय, आणि तेथे काय उत्तर मिळाले? ही मुलगी दोन दिवसांनी परत येईल तेव्हा तिच्या हाती बातमी असेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ऐकीव आणि पाहिलेले यांतील भेद तिला एकदा कळला की तो आयुष्यभर पुरतो. आज प्रत्येक घरातील भ्रमणध्वनीवर खरेखोटे संदेश दिवसभर येत असतात. त्यांची पारख करावयास शिकविणारा धडा पाठ्यपुस्तकातून पाठ करून घेता येत नाही. तो असा स्वतःच्या हातपंपापाशी शिकावा लागतो.

भाषेविषयीही थोडा संयम हवा. शुद्धलेखन तपासावे, परंतु शब्द बदलू नयेत. मुळशी-मावळात भाताच्या लावणीस आवणी म्हणतात. मुलाने आवणी लिहिले तर आवणीच राहू द्यावी. राब, इरले, खाचर हे शब्द शहरी वाचकास ठाऊक नसतील, तर मुलाने त्यांचा अर्थ एका ओळीत द्यावा. तोही एक अभ्यासच आहे. शब्द बदलला की मुलास असे वाटू लागते की, आपल्या घरी बोलतात ते कागदावर येण्याच्या योग्यतेचे नाही. त्यानंतर ते निबंधाकडे वळते आणि आपण पुन्हा कपाटातल्या हस्तलिखितापाशी येतो.

अंकाची सिद्धता

पटावर पंधरा-वीसच मुले असली तरी पाक्षिक भित्तिपत्र सहज निघू शकते. चित्रकलेच्या कागदाचे दोन ताव, चार रकाने, डाव्या कोपऱ्यात तारीख व अंक क्रमांक. संपादक दर महिन्यास बदलावा; एकाच हुशार मुलाकडे ते पद कायमचे गेले की बाकीचे प्रेक्षक होतात. ज्यांचे अक्षर चांगले नाही त्यांनी बातमी आणावी, ज्यांस लिहिता येत नाही अशा पहिली-दुसरीतील मुलांनी सांगावी व मोठ्यांनी त्यांच्या नावाने उतरून घ्यावी. ताम्हिणीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात एक व्यावहारिक अडचण हमखास येते. हवेतील ओलाव्याने स्केचपेनची शाई पसरते आणि सोमवारी लावलेला अंक गुरुवारी वाचता येत नाही. पेन्सिल किंवा बॉलपेन वापरावे, अंक व्हरांड्यात झड येणार नाही अशा भिंतीवर लावावा आणि वरून पारदर्शक प्लास्टिक घालावे.

पावसाचा रकाना हे अशा वृत्तपत्राचे भूषण ठरेल. त्यासाठी सपाट तळाचे, वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचे भांडे उघड्या जागी ठेवावे. त्यात साचलेल्या पाण्याची खोली मिलिमीटरमध्ये मोजली की तोच पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हा हिशेब मुलांनी शाळेच्या पत्र्याचे क्षेत्रफळ काढून स्वतः करून पाहावा. वेधशाळेची नोंद सकाळी साडेआठ वाजता होते. मुलांनीही तीच वेळ पाळावी. परंतु ताम्हिणीत एक भांडे पुरणार नाही. ५५६ मिलिमीटर म्हणजे पावणेदोन फुटांहून अधिक. साधी बरणी पहाटेपूर्वीच भरून वाहू लागेल. म्हणून सायंकाळी एकदा मोजून भांडे रिते करावे आणि दोन्ही आकड्यांची बेरीज छापावी. भांडे भरून वाहिले असेल तर आकडा अंदाजाने लिहू नये. ‘भांडे वाहिले, मोजता आले नाही’ असेच लिहावे. हे वाक्य लिहिण्याचे धैर्य ज्या मुलास आले, त्याच्या इतर बातम्यांवर विश्वास ठेवावयास हरकत नाही.

प्रत्येक अंकात चूक-दुरुस्तीसाठी जागा राखून ठेवावी आणि ती रिकामी राहिली तरी तसाच चौकोन आखावा. गावातील वडीलधाऱ्यांनी चूक दाखविली तर मुलांनी त्यांच्या नावासह ती मान्य करावी. त्याचप्रमाणे वृद्धांच्या मुलाखती घ्याव्यात. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तो पाहिलेले कोणी आज हयात नाही. तरी आजी-आजोबांनी ऐकलेल्या हकिगती कित्येक घरांत असतील. त्या लिहिताना ‘असे आजीने सांगितले’ एवढे तीन शब्द मुलांनी विसरू नयेत.

पंचायतीची जबाबदारी

येथपर्यंतचा मजकूर शिक्षकांसाठी झाला. खरी कसोटी पुढे आहे आणि ती पंचायत सदस्यांची व अधिकाऱ्यांची आहे. हातपंपाची बातमी भिंतीवर लागली, शालेय पोषण आहारात सलग तीन दिवस भाजी नव्हती हेही कोणी लिहिले, तर काय होईल? अनेक ठिकाणी घडते ते असे: शिक्षकास बोलावून ‘हे काय चालविले आहे?’ असे विचारले जाते, अंक काढून घेतला जातो आणि पुढच्या अंकापासून मुले पुन्हा ऋतुवर्णनाकडे वळतात. याऐवजी पंचायतीने एक साधी प्रथा पाडावी. मुलांच्या प्रश्नास पुढील अंकापूर्वी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने किंवा सदस्याने लेखी उत्तर द्यावे. काम लगेच होणार नसेल तर का होणार नाही ते लिहावे: सुटा भाग उपलब्ध नाही, निधी अमुक महिन्यात येईल. मुलांस हे समजते. न दिलेले उत्तर मात्र ती दीर्घकाळ लक्षात ठेवतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे. तेथे दोन बालवार्ताहरांस बसण्याची अनुज्ञा द्यावी आणि ग्रामसभेत ताजा अंक वाचून दाखवावा. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत मुलांच्या अभिव्यक्तीचा हक्क तेराव्या अनुच्छेदात सांगितला आहे व भारताने ती संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली आहे. गावपातळीवर त्या हक्काचा अर्थ भिंतीवरचा अंक कोणी फाडू नये, इतका साधा आहे.

याच्या दुसऱ्या बाजूस मर्यादाही आहेत, आणि त्या शिक्षकानेच सांभाळावयाच्या आहेत. कोणाच्या घरातील भांडण, व्यसन, आजार यांवर बातमी होऊ नये. एखाद्या मुलावर अत्याचार झाला असेल तर तो भित्तिपत्राचा विषय नाही. तेथे शिक्षकाने विनाविलंब संबंधित यंत्रणेस कळवावयाचे असते. अशा बालकाची ओळख प्रकट करण्यास २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाच्या कलम २३ ने आणि २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली आहे. नोंदणीविषयी शिक्षकांच्या मनात भीती असते, तीही येथेच दूर करणे इष्ट. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला व १ मार्च २०२४ पासून अमलात असलेला वृत्तपत्रे व नियतकालिके नोंदणीचा कायदा छापून प्रसिद्ध होणाऱ्या नियतकालिकांसाठी आहे. हाताने लिहून भिंतीवर लावलेला शाळेचा अंक त्या स्वरूपाचा नाही. पुढे अंक छापून वितरित करावयाचा झाल्यास मात्र तरतुदी पाहून घ्याव्यात.

फ्रेनेच्या प्रयोगातील एक भाग ताम्हिणीस विशेष अनुरूप आहे. घाटाच्या पायथ्याशी माणगाव तालुका लागतो. माथ्यावर पडलेला पाऊस ओढ्यांनी तिकडे धावतो, आणि मुळशी जलाशयाचे पाणीही बोगद्यातून भिऱ्याच्या वीजगृहाकडे, म्हणजे कोकणातच उतरते. वरच्या शाळेने पावसाचा आकडा लिहावा; खालच्या शाळेने त्याच दिवशी आपल्या नदीचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले ते लिहावे. दोन्ही अंकांची नक्कल दर पंधरवड्यास एकमेकांकडे जावी. ताम्हिणीमार्गे कोकणात उतरणारी एस.टी. आहेच. दरडीमुळे घाट बंद झाला आणि अंक दोन दिवस उशिरा पोहोचला, तर तीही पुढील अंकाची बातमी होईल. फक्त दरड नेमकी कोणत्या वळणावर आणि किती वाजता कोसळली, हे वाहकास विचारून घ्यावे.