पिण्याच्या पाण्यात पावडर टाकावीच लागते काय?



ऊस नोंदीच्या निमित्ताने आम्ही गटागटांत फिरतो, तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, आमच्या बोअरचं पाणी गोड हाये, मग त्यात ती वासाची पावडर कशाले?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर चवीवर नव्हे, तर पाण्याच्या वाटेवर अवलंबून आहे.

कॉलरा, टायफॉईड, हगवण यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत व चवीलाही कळत नाहीत. आपल्या वाशीम जिल्ह्यात काळ्या मातीखाली बेसाल्ट खडक आहे. त्याच्या भेगांतून पाणी झिरपते, तशी उकिरडा व शोषखड्ड्याची घाणही झिरपू शकते. जुलै २०२२ मध्ये शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी येथे उघड्या विहिरीच्या पाण्याने कॉलरा पसरून माणसे दगावली.

नेदरलँड्स देशात मात्र नळाच्या पाण्यात क्लोरीन राखत नाहीत. तिथे उगम राखलेला, गाळणी उत्तम आणि नळ चोवीस तास भरलेले असतात. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी सुटते. नळ रिकामा झाला की फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून आपल्याला नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत पुरेल एवढे क्लोरीन लागतेच. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. ओ.टी. चाचणीत पाण्याला पिवळी झाक आली म्हणजे क्लोरीन आहे. ही चाचणी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून करून घ्यावी.

विहिरीसाठी हिशेब असा : व्यास × व्यास × पाण्याची खोली (सर्व मीटरमध्ये) × ७८५ = लिटर. व्यास ४ मीटर व पाणी ३ मीटर असेल तर सुमारे ३७,७०० लिटर. दर हजार लिटरला चांगली ब्लीचिंग पावडर साधारण २.५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ९५ ग्रॅम. पाणी खराब असेल तर जास्त लागते. म्हणून चाचणी सोडू नये.

१) पावडर बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा व वरची निवळी विहिरीत सोडून पाणी ढवळावे. हे काम रात्री करावे. निदान एक तास तरी पाणी उपसू नये.
२) गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जाते. आधी तुरटी फिरवून पाणी निवळावे.
३) पावडर झाकणबंद डब्यात, सावलीत ठेवावी. ओल लागली की तिचा जोर जातो.
४) क्लोरीनची सोय नसेल तर पाणी खळखळ उकळून प्यावे.

क्लोरीन म्हणजे सर्व रोगांवर औषध नव्हे. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात सांडपाणी पिण्याच्या पाण्यात शिरले. शुद्धीकरण चालू होते, टायफॉईड वाढला नाही. पण काविळीने सुमारे २९ हजार लोक आजारी पडले. घाण आत येऊ न देणे हे पहिले काम, पावडर दुसरे. तसेच उसाला टाकलेल्या युरियाचे नायट्रेट पाण्यात उतरले तर ते क्लोरीनने किंवा उकळून जात नाही. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम असून तान्ह्या बाळाला ते घातक ठरते. यासाठी पाणी प्रयोगशाळेतच तपासले पाहिजे. खत हप्त्याहप्त्याने व बेताने द्या; पीकही साधेल, विहीरही राखली जाईल.

शेवटी, हंगामात तोडणीची टोळी आपल्याच फडावर उतरते. त्यांची लेकरे आपल्याच विहिरीचे पाणी पितात. टोळी येण्याआधी विहिरीचा कठडा, भोवतालची घाण आणि पाणी या तिन्हींकडे लक्ष द्यावे, ही सर्व सभासदांना आमची आग्रहाची विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी