रुग्णाची जीवनलक्षणे : मापन व परिभाषा

शरीराच्या मूलभूत क्रिया कशा चालू आहेत हे दर्शविणाऱ्या आणि मोजता येणाऱ्या लक्षणांना जीवनलक्षणे म्हणतात. तापमान, नाडी, श्वसन व रक्तदाब ही चार प्रमुख जीवनलक्षणे होत. त्यांचे मापन हा परिचर्येचा पहिला पाठ होय. यांपैकी एकाच लक्षणावर विसंबणे किती धोक्याचे असते, याचे उदाहरण हैदराबादच्या वैद्यकीय इतिहासात सापडते.

हैदराबादचा धडा

हैदराबादचा सुलतान बाजार पूर्वी रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाई. त्याच्या लगतच ब्रिटिश रेसिडेन्सी होती. एडवर्ड लॉरी हे तेथील शल्यचिकित्सक व शहरातील वैद्यकीय शाळेचे प्रमुख होते. त्या काळी शस्त्रक्रियेपूर्वी क्लोरोफॉर्म हुंगवून रुग्णास बेशुद्ध करीत, आणि क्वचित रुग्ण शस्त्रक्रियेच्या मेजावरच दगावत असे. अशा वेळी प्रथम श्वसन थांबते की हृदय, याविषयी वैद्यकांत तीव्र मतभेद होता. केवळ श्वसनावर लक्ष ठेवावे, नाडी पाहण्याचे कारण नाही, असे लॉरी यांचे मत होते.

या प्रश्नाच्या निर्णयासाठी १८८८ साली हैदराबाद येथे क्लोरोफॉर्म आयोग नेमण्यात आला. त्याचे निष्कर्ष सर्वमान्य न झाल्यामुळे १८८९ साली दुसरा आयोग बसला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यासाठी द्रव्यसाहाय्य दिले आणि लंडनच्या 'लॅन्सेट' या साप्ताहिकाने लॉडर ब्रंटन यांना पाठविले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग होऊन रक्तदाबाचे आलेख घेण्यात आले. श्वसन आधी थांबते, हा लॉरी यांचा पक्ष आयोगाने उचलून धरला.

परंतु १९११ साली ए. जी. लेव्ही यांनी प्रयोगाने दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मचा अंमल सौम्य असतानाही हृदयाच्या निलयांचे स्पंदन एकाएकी विस्कळित होऊन मृत्यू ओढवू शकतो. श्वसनावर लक्ष ठेवण्याचा लॉरी यांचा आग्रह योग्यच होता. नाडी वगळण्याचा मात्र चुकीचा ठरला.

तापमान

प्रौढ व्यक्तीचे तोंडातील तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइट असते. काखेतील तापमान त्याहून सुमारे अर्धा अंश सेल्सिअस कमी भरते. म्हणून तापमापक कोठे लावला हे नोंदवावे. ३८ अंश किंवा अधिक तापमानास सामान्यतः ज्वर मानतात. शरीराच्या अंतर्भागाचे तापमान ३५ अंशांखाली गेल्यास त्यास हायपोथर्मिया ही संज्ञा आहे.

नाडी

अंगठ्याच्या बाजूस मनगटावर दोन किंवा तीन बोटे हलकेच ठेवून नाडी पाहावी. अंगठा वापरू नये, कारण त्यातील स्वतःचेच ठोके जाणवण्याचा संभव असतो. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढाची नाडी मिनिटास ६० ते १०० असते. त्याहून अधिक असल्यास टॅकिकार्डिया व कमी असल्यास ब्रॅडिकार्डिया म्हणतात. गतीबरोबर ताल व जोर हेही पाहावे. ताल अनियमित असल्यास पूर्ण एक मिनिट मोजणे आवश्यक आहे.

श्वसन

एक श्वास व एक उच्छ्वास मिळून एक श्वसन होते. प्रौढात विश्रांतीच्या वेळी त्याचे प्रमाण मिनिटास १२ ते २० असते. आपले श्वास मोजले जात आहेत हे कळताच रुग्णाची लय बदलते. यास्तव नाडी मोजून झाल्यावर मनगट तसेच धरून ठेवावे व छातीची हालचाल मोजावी. श्वसन थांबण्यास ॲप्निया म्हणतात. असे आढळल्यास नोंदीसाठी न थांबता तत्काळ मदत बोलवावी.

रक्तदाब

दंडाला हवेचा पट्टा बांधून दाब मोजण्याची रीत रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ साली सांगितली. कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली तिला रोहिणीतील ध्वनी ऐकण्याची जोड दिली. रुग्णास पाच मिनिटे शांत बसवावे व दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा. पट्ट्यातील हवा हळूहळू सोडताना प्रथम ऐकू येणारा ध्वनी आकुंचनदाब दर्शवितो. ध्वनी नाहीसा होतो तो प्रसरणदाब होय. १२०/८० या नोंदीतील पहिला आकडा आकुंचनदाबाचा, दुसरा प्रसरणदाबाचा असून एकक पाऱ्याचे मिलिमीटर हे आहे.

वय व नोंद

वरील आकडे प्रौढांचे आहेत. नवजात अर्भकाची नाडी मिनिटास सुमारे १२० ते १६० आणि श्वसन ३० ते ६० असू शकते. प्रौढाच्या मापाने पाहिल्यास निरोगी अर्भकही आजारी वाटेल, आणि मिनिटास केवळ १६ वेळा श्वास घेणाऱ्या अर्भकाचा धोका नजरेतून सुटेल.

'प्रकृती ठीक' या शब्दांना नोंदीत स्थान नाही. आकडा, वेळ, मापनाची जागा व रुग्णाची स्थिती या चार गोष्टी लिहिल्या म्हणजे पुढील पाळीतील परिचारिकेस तुलना करता येते. एका आकड्यापेक्षा त्यात होत गेलेला बदल पुष्कळदा अधिक सूचक असतो. चारही लक्षणे वेळच्या वेळी मोजून एकत्र वाचणे, हाच सुलतान बाजारालगतच्या त्या जुन्या वादाने शिकविलेला धडा आहे.