मंडणगडला येतेस, तर हे वाचून ये

बाय, "थोडं स्वतःला शोधायला येतेय मामा," असं तू फोनवर म्हणालीस. मला म्हणालीस ते ठीक, पण इथे वाडीत कुणाला सांगू नकोस, लोक बॅटऱ्या घेऊन शोधायला निघतील. ये, खुशाल ये. दऱ्याखोऱ्या, खाडी, समुद्र सगळं आहे, आणि एसीचा रिमोट नाही. आधी या चार गोष्टी वाच. चाराहून जास्त झाल्या आहेत, मामा म्हटल्यावर तेवढं चालायचंच.

१. पहिल्या दिवशी कुठेही चढू नकोस. पेज पी, ओटीवर बस, शेजारच्या आजींशी बोल — अंग दमलेलं असलं की नवी जागा उगाचच भिववते.

२. मंडणगडच्या किल्ल्यावर गाडी कितीही वर जात असली, तरी तू पायथ्यापासून चाल आणि उजाडता उजाडता नीघ — सड्यावर सावलीला झाड नाही आणि तापलेला जांभा संध्याकाळपर्यंत ऊन सोडत नाही.

३. बाटलीतलं पाणी अर्धं झालं की मागे फिर, माथा समोर दिसत असला तरी. माथा पळत नाही, पाणी पळतं — आणि मागे फिरायला चढण्यापेक्षा जास्त धीर लागतो, तोही इथे येऊनच शिकशील.

४. पाखाडी उतरताना पाऊल आडवं टाक, आखूड टाक — शेवाळलेल्या दगडावर माणूस चढताना क्वचित पडतो, उतरताना हमखास.

५. दगड हाताने उलटू नकोस, आणि काळोख पडल्यावर बॅटरीशिवाय खळ्यातही उतरू नकोस — आपल्याकडे फुरसं आहे. जेमतेम हात-दीड हात लांबीचा साप, दगडाच्या रंगात मिसळून जातो. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतो. आवाज ऐकलास तर जागीच थांब, तो कुठे आहे ते बघ आणि मग मागे सर. चावलाच तर जखम कापायची नाही, आवळून बांधायची नाही, कुणाकडे विष उतरवायला जायचं नाही. पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना — त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, आणि त्यावर प्रतिविषाची लस हाच इलाज. हे वाचून बेत रद्द करू नकोस. पायात बूट आणि हातात बॅटरी असली की बहुतेक वेळा तो आपल्या वाटेने जातो, आपण आपल्या.

६. भीती वाटली तर तोंडाने सांग — बरोबरचा माणूस पावलं हळू टाकतो, न सांगितलंस तर त्याला तू वारा खात उभी आहेस असं वाटतं.

७. समुद्रावर जाण्याआधी कालनिर्णय बघ, तिथी किती ते पाहा आणि तिची पाऊणपट कर. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि पुढच्या प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. ओहोटी भरतीनंतर सहा-एक तासांनी. थोडं मागेपुढे होतं, पण खडकावर बसून फोटो काढताना पाठीमागचं पाणी कधी चढेल एवढं कळायला पुरेसं आहे — भरतीला घड्याळ दाखवून उपयोग नसतो. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खडकावर जाऊच नकोस.

८. वेसवीहून फेरीबोटीने सावित्री ओलांडून हरिहरेश्वराकडे गेलीस, तर उतरतानाच परतीची शेवटची बोट कधी ते विचार — रस्त्याचा वळसा फार मोठा पडतो.

९. बाणकोटच्या किल्ल्यावर फोन पिशवीत ठेवून नुसती बस. हाच हिम्मतगड. १७५६ मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. खाली सावित्री समुद्राला मिळते. पहिली दहा मिनिटं कंटाळा येईल, तो येऊ दे — कंटाळा सरला की मग दिसायला लागतं.

१०. वेळासला जाशील तेव्हा माझ्या या सूचना दोनदा वाच. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या थंडीत रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि निघून जातात, मागे वळून बघत नाहीत. पूर्वी ती अंडी माणसं न्यायची, उरलेली कोल्हे-कुत्री. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. आता अंडी कुंपणाच्या आत हलवून पुरतात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. तिथे मोबाइलचा दिवा लावायचा नाही — पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं, तुझ्या दिव्याने ते समुद्राकडे पाठ फिरवेल. दोरीच्या अलीकडे उभी राहा. दया येऊन पिल्लू उचलून पाण्यात सोडायचं नाही, वाळूवरची ती चाल त्याची त्यानेच चालायची असते. आणि गेलीस त्या सकाळी एकही पिल्लू निघालं नाही तर तोंड पाडू नकोस, संध्याकाळी पुन्हा जा — कासवाने तुझं बुकिंग घेतलेलं नाही.

११. प्रवासाने अंग आंबलं असं म्हणण्याआधी एवढं ऐक. २०२१ साली ओडिशात गहिरमाथ्याला टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. तुला एसटीत खिडकी मिळाली नाही म्हणून तू मला तीन मेसेज केले होतेस.

१२. घरगुती मुक्कामाला जे शिजेल ते खा, कुळथाची पिठी असो की तांदळाची भाकरी. आधीच "थोडं वाढा" म्हण — मागून घेतलेलं चालतं, ताटात टाकलेलं वाढणारीच्या जिवाला लागतं.

१३. पावसात आलीस तर लावणीला उतर. शेत कुणाचं ते विचारून, अंगठी-घड्याळ घरी ठेवून, बायका दाखवतील तशी मागे मागे सरत. कंबर भरली की सांगून बांधावर बस — दमलेल्या पाहुणीला कुणी हसत नाही, फोटोपुरती चिखलात आलेली मात्र दुरून ओळखतात.

१४. आंबडव्याला वाट वाकडी करून जा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं हे मूळ गाव. शाळेच्या दाखल्यावर त्यांचं आडनाव आंबडवेकर असं लागलं होतं, ते या गावावरून. आपण सुट्टी काढून घराबाहेर पडतो त्याला धाडस म्हणतो — खरं धाडस कशाला म्हणायचं ते तिथे उभं राहिलं की कळतं.

१५. कुठेही एकटी निघालीस तर कुठे जातेस आणि कधी परतशील ते घरात सांगून जा, चिठ्ठी ठेवलीस तरी चालेल — डोंगराच्या पाठीमागे गेलीस की फोनला रेंज नसते. बाई, तू मोठी झालीस हे मला ठाऊक आहे. तरी सांगून जा.

वेळासची तारीख आपली आपण ठरवू नकोस. फेब्रुवारी संपत आला की मला फोन कर, घरटी कधी फुटतील ते तिथल्या कासवमित्रांना विचारून सांगतो. येताना बॅटरीचे सेल आणि पायात बसलेले जुने बूट आण.